घोडा कोणाचा? काऊबॉय, बारगीर आणि आमचे आबाजी

मी हिंगणघाटहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखंच या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं सारखं केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय सुरू झाला एका जुन्या अमेरिकन सिनेमावरून. ‘माय पाल ट्रिगर’, साल १९४६. हिरो रॉय रॉजर्स, आणि त्याच्या बरोबरीने ज्याचं नाव झळकतं तो त्याचा सोनेरी रंगाचा, पांढऱ्या आयाळीचा घोडा, ट्रिगर. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून बघत होतो. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, बाजूच्या खाटेवर पडले होते. वय ८०च्या पुढे. इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, पण जनावर दिसलं की उठून बसतात.

गोष्ट साधी आहे. एका म्हाताऱ्याकडे गोल्डन सोव्हरिन नावाचा उमदा घोडा असतो. रॉयला आपली घोडी त्याच्याकडून फळवून घ्यायची असते, म्हातारा नाही म्हणतो. त्या घोड्यावर एका जुगारी माणसाचाही डोळा असतो. पुढे घोडा निसटतो, गोळी लागून मरतो, आणि आळ येतो रॉयवर. मात्र तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. घोडीला शिंगरू होतं. तोच ट्रिगर. मग रॉयचं त्याला वाढवणं, शिकवणं, आणि शेवटी खरं काय ते बाहेर येणं.

सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा आबाजींनी विचारलं, “बाबू, हा घोडा कोनाचा व्हय?”

मी म्हटलं, “आबाजी, हिरोचाच ना.”

“त्याचा कसा? त्याच्यापाशी ना वावर, ना घर. घोडा कुठून आला त्याच्यापाशी?”

मी हसलो. पण रात्री झोपताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. घोडा कोणाचा? मग मी शोधायला बसलो, आणि त्या एका प्रश्नाच्या मागे जाता जाता अमेरिकेतून रायगडावर, तिथून नागपूर, बंगाल आणि मुंबईचं परळ असं फिरून पुन्हा आमच्या अंगणात आलो. तर चला.

पडद्यावरचा घोडा

आधी ट्रिगरचंच बघू. त्याचं मूळ नाव गोल्डन क्लाउड. तो काही रॉय रॉजर्सच्या दारात जन्मला नव्हता. हॉलीवूडमध्ये सिनेमांना घोडे भाड्याने देणारे तबेले होते, त्यातल्या हडकिन्स नावाच्या तबेल्यातला हा घोडा. १९३८च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये त्याच्यावर नायिका ऑलिव्हिया डी हॅविलंड बसलेली आहे. त्याच वर्षी रॉय रॉजर्सला पहिला मोठा सिनेमा मिळाला आणि भाड्याने आणलेल्या घोड्यांतून त्याने हाच निवडला. विकत घेतला तो पाच वर्षांनी, १९४३मध्ये, २,५०० डॉलरला, तेही हप्त्याहप्त्याने.

म्हणजे तोवर पडद्यावर ज्याला तो ‘माझा जिवलग’ म्हणत होता, तो प्रत्यक्षात भाड्याने आलेला घोडा होता. शिवाय मिरवणुकांना, कसरतींना ट्रिगरसारखे दिसणारे दुसरे घोडे असायचेच. प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. हप्ते भरून घोडा घेणाऱ्या माणसाचं प्रेम खोटं कसं असेल? १९६५मध्ये ट्रिगर मेला तेव्हा रॉजर्सने त्याचं कातडं भरून, मागच्या दोन पायांवर उभा असलेला पुतळा करून आपल्या संग्रहालयात ठेवला. २०१०मध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला आणि २ लाख ६६ हजार ५०० डॉलरला तो गेला. जिवंतपणी एकदा विकला, मेल्यावर पुन्हा एकदा.

ज्या घोड्यांना नावं नव्हती त्यांचं काय? १९३९च्या ‘जेसी जेम्स’मध्ये एका दृश्यासाठी घोडा उंच कड्यावरून खाली पाण्यात पाडला गेला आणि तो मेला. त्यावरून एवढा गदारोळ झाला, की पुढच्याच वर्षापासून चित्रीकरणावर प्राणिमित्र संघटनेची देखरेख सुरू झाली. त्या मेलेल्या घोड्याचं नाव पडद्यावर कुठेच नव्हतं.

खरा काऊबॉय

आता आबाजींच्या प्रश्नाचा मुख्य भाग. ज्याच्यापाशी घर नाही, वावर नाही, त्याच्यापाशी घोडा कुठून आला?

उत्तर असं आहे की बहुतेक वेळा तो त्याचा नसायचाच.

काऊबॉयचा जो काळ सिनेमावाले दाखवतात तो जेमतेम २०-२५ वर्षांचा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५मध्ये संपलं. टेक्सासमध्ये गुरं मोप होती आणि उत्तरेकडच्या शहरांत मांसाला भाव होता. १८६७पासून कॅन्सासमधल्या अ‍ॅबिलीन या रेल्वे स्टेशनापर्यंत गुरांचे कळप चालवत न्यायला सुरुवात झाली. दोन-तीन हजार गुरं, दहा-बारा माणसं, महिनोन्‌महिने चाल. ही माणसं म्हणजे रोजंदार पोरं. त्यांत गुलामीतून सुटलेले काळे होते, मेक्सिकन होते. लॅसो, रँच, ब्रॉन्को हे शब्दच मुळी स्पॅनिशमधून आलेले. पगार महिन्याला साधारण २५ ते ४० डॉलर.

या चालीत एका माणसाला एक घोडा पुरत नाही. सहा ते दहा लागतात, कारण दिवसातून दोन-तीनदा घोडा बदलावा लागतो. एवढे घोडे तो पगारी पोरगा आणणार कुठून? तर घोडे मालकाचे. सगळे मिळून एक तांडा असायचा आणि तो सांभाळायला वेगळा पोरगा. काऊबॉयचं स्वतःचं काय, तर खोगीर. चांगल्या खोगिराला महिन्याचा, कधी त्याहून जास्त पगार जायचा, आणि काऊबॉय तेच जिवापाड जपायचा. नोकरी सुटली की खोगीर खांद्यावर टाकून निघायचं. घोडा तिथेच.

पण माणूस आहे, जीव लागतोच. मालकाने वाटून दिलेल्या घोड्यांतला एखादा त्याचा लाडका व्हायचा. दुसऱ्याच्या वाट्याच्या घोड्यावर त्याला न विचारता बसायचं नाही, असा त्यांच्यात दंडक होता. आणि मुकादमाने एखाद्याच्या वाट्यातला लाडका घोडा काढून दुसऱ्याला दिला, तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा: तुझं इथलं काम संपलं, चालायला लाग. शब्द बोलायची गरज नसायची.

१८८३मध्ये टेक्सासच्या उत्तर भागात काऊबॉयांनी चक्क संप केला. पगार ५० डॉलर करा, ही मागणी. त्यामागे आणखी एक दुखणं होतं. आधी पगारी पोरांनाही स्वतःची चार गुरं बाळगता यायची, मोठ्या कंपन्या आल्यावर ते बंद झालं. संप फसला. सिनेमात हा संप तुम्ही पाहिलाय का? मी तरी नाही पाहिला. सिनेमात काऊबॉयचा घोडा त्याचाच असतो, त्यामुळे मालक नावाचा माणूस दाखवायची गरजच पडत नाही.

आमचा बारगीर

इथवर आलो आणि एकदम लक्षात आलं, अरे, याला तर आपल्याकडे शब्द आहे! शाळेत चौथीला पाठ केलेला.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार. शिलेदार आणि बारगीर. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो. परीक्षेत दोन मार्कांचा ‘फरक स्पष्ट करा’. एवढंच. पण या फरकात केवढं काय भरलंय ते बघा.

शिलेदाराचा मान मोठा. पण लढाईत घोडा पडला की त्याची सगळी पुंजीच पडली. साहजिकच तो घोड्याला जपून लढणार. बारगिराला ती भीती नाही, घोडा पडला तर पागेतून दुसरा मिळेल. पण त्याच्या नावावर काही नाही, आणि पाग्यावर हुकूम चालतो तो राजाचा. शिवाजी महाराजांनी भर दिला तो पागेवर. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. त्याने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून जी बखर लिहिली, तिच्यात ही सगळी रचना आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. शिलेदारही पागेच्या हुकमतीखाली. पावसाळ्यात घोडी छावणीला, तिथे दाणावैरण आणि औषधं आधीच साठवलेली, आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर.

चिपळूणजवळ दलवटण्याला घोडदळाची छावणी होती, तिथल्या अंमलदारांना १६७०च्या दशकात लिहिलेलं महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे आपण सगळेच सांगतो. पण त्या पत्राचा मोठा भाग दाणावैरणीबद्दल आहे. आताच सगळं उडवलंत तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. राजा उंदराचा विचार करतोय! मला त्या पत्रात मालक दिसतो, पण जबाबदारी घेणारा मालक. घोडा सरकारचा आहे, म्हणून त्याच्या पोटाची काळजीही सरकारची.

बारगीर शब्दाचं पुढे जे झालं त्याचा आमच्या वैदर्भीय मुलखाशी थेट संबंध आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२मध्ये फौज घेऊन बंगालवर गेले. दहा वर्षं या स्वाऱ्या चालल्या. भास्कररामांना अलीवर्दीखानाने १७४४मध्ये वाटाघाटीला बोलावून दग्याने मारलं. शेवटी १७५१च्या तहात ओडिशाचा मुलूख आणि बंगालची १२ लाखांची चौथाई नागपूरकरांना मिळाली. कलकत्त्यात इंग्रजांनी याच भीतीने खंदक खणायला घेतला होता. तिथल्या गावांनी फार सोसलं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्यावर ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं. आणि बंगालीत मराठा स्वारासाठी शब्द रुजला तो ‘बर्गी’, आपल्या बारगिराचाच अपभ्रंश. अजूनही तिथल्या अंगाईगीतात बाळाला बर्गी आल्याची भीती घालतात.

गंमत नव्हे, पण विचार करा. मुलूख मिळाला भोसल्यांना. चौथाई भोसल्यांच्या खजिन्यात. घोडा पागेचा. आणि २८० वर्षं शिव्याशाप कोणाच्या नावाने? ज्याच्या मालकीचा घोडासुद्धा नव्हता त्याच्या.

त्या घोड्यांचं नावही आज फारसं कोणाच्या तोंडी नाही. दख्खनी भीमथडी तट्टू अंगाने लहान, पण काटक. अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. आज तो बहुतेक दिसतो धनगरांच्या वाड्यांबरोबर, पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरं घेऊन चालताना.

परळचा ‘पंजाब का बेटा’

काऊबॉयचा सिनेमा आपल्याकडे आलाच नाही का? आला की. पण मुंबईत आला तो चाबूक घेऊन. १९३५चा ‘हंटरवाली’, दिग्दर्शक होमी वाडिया. नायिका नादिया, मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स. बापाच्या राज्यासाठी तोंडावर बुरखा बांधून दुष्ट वजिराशी लढणारी राजकन्या. होमी आणि त्यांचे थोरले भाऊ जमशेद यांची वाडिया मूव्हीटोन कंपनी अमेरिकन मारधाड सिनेमांवरच पोसलेली. तिथल्या हिरोला घोडा असतो, मग आपल्यालाही हवा. म्हणून या सिनेमांत नादियाच्या जोडीला एक घोडा झळकू लागला. नाव ‘पंजाब का बेटा’. जाहिरातीत नटांच्या बरोबरीने घोड्याचं नाव! सोबत गनबोट नावाचा कुत्रा आणि लाडाचं नाव दिलेली एक मोटारगाडीसुद्धा.

हे सगळं कुठे घडत होतं? परळला, लवजी कॅसल नावाच्या वाडिया घराण्याच्या वाड्यात. हीच जागा पुढे व्ही. शांताराम यांनी घेतली आणि १९४२मध्ये तिथे राजकमल कलामंदिर उभं केलं. म्हणजे ज्या आवारात शांतारामबापूंचे सिनेमे झाले, त्याच आवारात आधी ‘पंजाब का बेटा’चा रुबाब होता.

नादिया स्वतःच्या कसरती स्वतः करायची आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण तिच्या मागे दौडणाऱ्या, तिचा फटका खाऊन खोगिरावरून उलटे पडणाऱ्या दहा-वीस जणांची नावं शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. आणि पहाटे उठून त्या घोड्याला खरारा करणारा, चित्रीकरणाच्या गलक्यात त्याला शांत ठेवणारा मोतद्दार? पडद्यावर ‘पंजाब का बेटा’ राजकन्येचा जिवलग. पण रोज सकाळी तो ज्याचा हात ओळखत असेल, त्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

चांद्या आणि पाखऱ्या

हे सगळं मी आबाजींना सांगितलं. जेवणानंतर, बाहेर खाटेवर बसून. काऊबॉयचा घोडा मालकाचा असायचा म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली, जणू मी त्यांना पावसाळा जूनमध्ये लागतो असं सांगत होतो.

आबाजी आयुष्यभर सालगडी होते. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: सालगडी म्हणजे वर्षभराच्या करारावर शेतमालकाकडे राबणारा माणूस. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं. ज्या मालकाकडे आबाजींची बरीच वर्षं गेली, त्यांच्याकडे गवळाऊ बैलांची जोडी होती. गवळाऊ ही आमच्या वर्धा-नागपूर भागातली जात. पांढरी, चपळ, बंडीला जुंपली की पळत सुटणारी. मराठ्यांच्या फौजेची जलद वाहतूक या बैलांवर चालायची आणि त्यातूनच ही जात अशी घडली, असं मानतात. म्हणजे बारगीर पुढे गेला आणि त्याच्यामागे दाणागोटा घेऊन गेले ते आमचेच बैल.

आबाजींच्या जोडीची नावं चांद्या आणि पाखऱ्या. नावं आबाजींनीच ठेवलेली. कापसाची बंडी भरून हिंगणघाटच्या बाजारात यायचं, रात्रभर ओळीत उभं राहायचं, बैलांच्या अंगाला टेकून झोपायचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने त्यांचे खांदे शेकायचे. पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून तोरणाखाली न्यायचे आणि मग घरोघरी बोजारा मागायचा. गावात लोक म्हणत, आबाजीचे बैल आले. मालकाचे आले असं कोणी म्हणत नसे.

मग मालकाने ट्रॅक्टर घेतला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. जोडी बाजारात न्यायला सांगितली ती आबाजींनाच, कारण दुसऱ्या कोणाच्या हाताला ते बैल चालत नव्हते. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि मालक एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात आणि बोटं दाबून आकडा ठरतो. आबाजी कासरा धरून दोन हातांवर उभे होते. रुमालाखाली काय ठरलं ते त्यांना दिसलं नाही, आणि नंतरही कोणी सांगितलं नाही.

“किती आले असतील?” मी विचारलं.

“मले काय मालूम? पावती त्यायच्या नावाची.” मग थोडं थांबून म्हणाले, “पाखऱ्या मांगं पाहे.”

आपल्याकडे जनावराच्या मायेवरचा सिनेमा म्हटला की मला ‘टिंग्या’ आठवतो, मंगेश हाडवळेंचा, २००८मध्ये आलेला. जुन्नरकडच्या गरीब शेतकऱ्याचा पोरगा आणि जखमी झालेला बैल चितंग्या. बाप कर्जात, बैल कामाचा राहिला नाही, विकल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या पोराचं काम करणाऱ्या शरद गोयेकरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला तो सिनेमा फार मोठा वाटतो, कारण त्यात रुमालाखालचा हिशेब लपवलेला नाही. टिंग्याचं घर म्हणजे शिलेदाराचं घर. बैल स्वतःचा, म्हणूनच तो पडला की सगळं घर पडतं.

पण बारगिराचा सिनेमा अजून व्हायचाय. जीव लावणारा एक आणि मालक दुसरा, हा. काऊबॉयच्या सिनेमाने ही अडचण एका झटक्यात मिटवून टाकली: ज्याचं प्रेम, त्याचाच घोडा. म्हणून तो बघायला इतका गोड लागतो. इतिहासात मात्र पावती एकाच्या नावाची निघत आली आणि जनावर मागे वळून बघत आलं ते दुसऱ्याकडे. दप्तरात पावती राहते. ते वळून बघणं कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी आज इथे लिहून ठेवतोय.

तुमच्याही घरात कोणी सालगडी, गाडीवान, मोतद्दार असेल तर आजच विचारा. जनावराचं नाव काय होतं, कोणी ठेवलं, आणि ते शेवटी कुठे गेलं. मालक कोण होता हेही विचारा, पण ते सगळ्यात शेवटी.

आबाजींना मी सिनेमाचा उरलेला भाग दुसऱ्या दिवशी दाखवला. शेवट गोड झाला, रॉय आणि ट्रिगर एकत्र. त्यांनी बघितला, आवडलाही. मग म्हणाले, “घोडा चांगला व्हय. पायाले मालिश कोन करे त्याच्या?”

ते मी शोधतोय. सापडलं तर पुढच्या भागात सांगीन. तोवर नमस्कार.